बाभळीच्या पाचरी

पुण्यात बसून माझ्या नवऱ्याला शिडाच्या होडीचं वेड लागलं. यंदा साहेबांनी ती छोटी होडी पिकअपमध्ये घालून डिंभ्याला, माझ्या माहेरी आणली. शनिवार-रविवार धरणात फिरवायची आणि सोमवारी सकाळी परत. माझं माहेरपण नेहमी असंच, पिशवी उघडायच्या आत आवरतं. आई गेल्यापासून दादा, म्हणजे माझे वडील, एकटेच असतात. या खेपेला मला त्यांच्यापाशी मनसोक्त राहायचं होतं.

काठावर डोलकाठी उभी केली. ती होडीच्या वरच्या फळीतल्या भोकातून खाली तळापर्यंत जाते. भोक मोठं, काठी बारीक, आणि मधल्या फटीत ठोकायच्या रबरी पाचरी साहेब घरी विसरलेले. काठी म्हाताऱ्याच्या दातासारखी हलायला लागली. मी हसले, तर माझ्यावरच डाफरले.

"पावणं, त्यात काय येवढं?" दादा म्हणाले. "कुदळीचा दांडा आन् ही काठी येकच की." त्यांनी वाळक्या बाभळीच्या पाचरी तासून दणादण ठोकल्या. काठी जागची हलेना. दोन दिवस साहेब शीड फुगवून आणि स्वतःही फुगून फिरले.

आमच्याकडे कुदळ सैल झाली की पाचर मारून ती पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं आणि दांडा असा आवळतो की ओढून निघत नाही. हे साहेबांना कुठून ठाऊक असणार? आणि काठी निघाल्याशिवाय होडी पिकअपमधून नेता येत नाही, वाटेत सगळीकडे विजेच्या तारा. रविवारी दिवस कलताना मी कळशी घेऊन गुपचूप काठावर गेले.

बघते तर पाचरींवर ओलं गोणपाट गुंडाळलेलं, आणि शेजारी दादा, हातात रिकामी बादली.

"दादा, हे काय?"

"काय न्हाई. लाकूड लई वाळलं व्हतं."

लेकीला कधी 'राहा' न म्हणणारा माणूस. जावयाला कसं अडवायचं, म्हणून गप्प बसणारा. मला हसू आलं आणि रडूही. मी माझी कळशी त्याच गोणपाटावर रिकामी केली.

सकाळी साहेब काठी वर उपसायला झोंबले, घामाघूम झाले. "दादा, निघतच नाही हो!"

दादांनी पाचरी बोटानं दाबून बघितल्या.

"निगंल की, पावणं. लाकूड वाळू तर द्या. चार-पाच दिस लागत्याल."