मथळ्यातले दाजी

नांदेडला मी लोकांना वेबसाइट करून देतो. आमच्याकडं वेबसाइट म्हणजे लग्नपत्रिकाच. सगळ्यात वर कुलदैवत प्रसन्न, खाली आजोबा, काका, झाडून सगळे भाऊ, आणि मूळ कार्य काय आहे ते शेवटी. लोह्याच्या एका बियाणेवाल्यानं तर सगळंच मोठ्या अक्षरात मागितलं, कारण कुणाचंही नाव बारीक झालं तर घरात भांडण. मी वैतागून सांगायचो, बाबांनो, एच-वन हा टॅग म्हणजे पानाचा मुख्य मथळा. पान कशाबद्दल आहे ते सर्च इंजिन आधी तिथं बघतं. तिथं देव बसवला तर तुमचं बियाणं कोणाला सापडणार? मग समजावं म्हणून एक दाखला द्यायचो. घरात कर्ता एक, तसा पानाला एच-वन एकच.

हाच दाखला मी लातूरला अक्कालाही दिला.

अक्का माझी थोरली बहीण. क्लासेसच्या ट्यूशन एरियाजवळ तिचं नि दाजींचं मुलींचं होस्टेल, खाली मेस. मंडईत दाजी जायचे, मुलींच्या आयांचे फोन दाजीच घ्यायचे. चूल तेवढी अक्काची. दाजी अचानक गेले आणि मुली नव्या होस्टेलांकडं वळू लागल्या. खोल्या भरल्या नाहीत तर भाड्याची इमारत सोडून तिला दिरांच्या दारात जावं लागणार होतं. म्हणून मी म्हणालो, वेबसाइट करू. मथळा काय टाकू विचारलं, तर म्हणाली, "कर्ता एकच असतो म्हन्लास न्हवं? मग त्येंचंच नाव टाक."

टाकलं. दाजींचं नाव, एच-वनमध्ये, चांगलं ठसठशीत. होस्टेल, मेस हे शब्द खाली बारीक. व्हायचं तेच झालं. हदगावचे, देवणीचे आईबाप 'लातूर मुलींचं होस्टेल' असं शोधायचे आणि आमचं पान कुठल्या कुठं असायचं. वर्षभर निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या. तरी तिला नाव काढ म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

शेवटी तिचाच फोन आला. "लोक काय शोधतेत ते टाक वर. त्येंचं नाव खाली कुठं बी चालंल." आवाज अगदी व्यवहाराचा होता.

मी एच-वन बदलला. 'लातूरमध्ये मुलींसाठी होस्टेल व घरगुती मेस.' त्याखाली दुय्यम मथळे लावले: जेवण, पाणी, क्लासपर्यंतचं अंतर. दाजी गेले तळाला, 'संस्थापक' म्हणून. नुसत्या मथळ्यानं सगळं होत नाही, मजकूरही सुधारावा लागला; पण काही महिन्यांत पान वर आलं आणि जूनमध्ये खोल्या भरल्या. मी लई खूश होतो.

दिवाळीला गेलो. मला वाढता वाढता अक्का सहज म्हणाली, "आधी मोबाइलवर त्येंचं नाव टाकून शोधलं की पहिलं आपलंच पान यायचं रे. दुपारी पोरी क्लासला गेल्या की मी बघत बसायची. आता त्याच नावाचा कोन दुसराच मानूस निघतो. ट्रॅक्टर विकतो म्हनं."

तेव्हा मला कळलं. ते पान एकाच शोधाला पहिलं यायचं, आणि तसं शोधणारं माणूसही जगात एकच होतं. होस्टेल वाचलं हे खरं. दुसरा इलाज नव्हता हेही खरं. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

नांदेडला परतून मी एक वेगळं पान केलं. एच-वनमध्ये फक्त दाजींचं नाव, खाली त्यांचा फोटो, स्कूटरला दोन्ही बाजूंनी भाजीच्या पिशव्या लटकवलेल्या. पण नव्या पानाला वर यायला वेळ लागतो, आणि तो ट्रॅक्टरवाला काही केल्या हटत नाही. दुसऱ्यांची पानं वर आणून देणारा मी, दाजींच्या बाबतीत हात टेकले. जेवण झालं की रोज त्यांचं नाव टाकून बघतो आणि यादीत खाली खाली जात राहतो.

परवा फोनवर अक्काला म्हणालो, "आज बी दाजी लई खालीच हायेत. ट्रॅक्टरवालाच वर."

ती म्हणाली, "म्हंजे, तू बी शोधून राहिलास त्येंना?"

"हाव," म्हणालो.