माळ्यावरची जाळी
नव्या फ्रिजच्या खोक्यातून काढताना थर्माकोल करकरलं आणि कोळीवाड्यातलं आमचं जुनं घर आठवलं. वर पत्रे, त्याखाली माळा. उन्हाळ्यात दुपारी आईला चक्कर यायची, म्हणून दादाने पत्र्यांखाली थर्माकोल बसवून वरून प्लाय मारायचं ठरवलं. त्यासाठी माळा रिकामा करायला हवा होता आणि माळ्यावर बाबांची जाळी होती. होडी आदल्या वर्षीच विकलेली. बाबा स्वतःच वर चढले आणि एकेक जाळं आमच्या हातात देत राहिले. घरभर खारट, कुबट वास पसरला. आई म्हणाली, "एखादं ठेवूया ना." "कशाला? जागा अडते नुसती," बाबा म्हणाले. भंगारवाल्याने जाळी टेम्पोत टाकली तेव्हा ते दारापर्यंतही आले नाहीत. मला वाटलं होतं रडू येईल, पण काहीच आलं नाही. काम संपल्यावर दुसऱ्या दिवशी भर दुपारी घर खरंच गार होतं. आई निवांत झोपली. "बरं झालं रे," बाबा दादाला म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आता ते नाहीत. त्या दुपारी त्यांना झोप लागली होती की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.