अडीच किलोमीटर अलीकडे

ती घटना आठवली की मला आधी धुकं दिसतं, माणसं नंतर. माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती आणि नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो.

संध्याकाळी एक व्यावसायिक ठाण्यात आले. त्यांचे वडील बेपत्ता होते. वय ब्याऐंशी, विसरभोळेपणा वाढलेला, मधुमेहाची गोळी दोन वेळा. दुपारी घरच्या चालकाने त्यांना त्र्यंबकेश्वरला बहिणीकडे सोडायचं होतं. बहीण फोनवर सांगत होती, दादा आलाच नाही. चालक सांगत होता, गर्दीमुळे गाडी आत जाईना म्हणून गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. आजोबाच म्हणाले, मी जातो, तू फिर.

मुलाने टेबलावर एक वही ठेवली. गाडी निघताना आणि परतल्यावर मीटरचा आकडा लिहायचा, ही त्या घरची शिस्त. त्र्यंबकची फेरी दर वेळी बासष्ट किलोमीटर. त्या दिवशीची सत्तावन्न. जाता-येता मिळून पाच कमी, म्हणजे गाडी गावाच्या अडीच किलोमीटर अलीकडूनच वळली होती. मी स्वतः याद्या करणारा माणूस. अशी नीटनेटकी वही दिसली की माझा विश्वास बसतो.

मिसिंग दाखल केली. त्र्यंबकच्या ठाण्याला वर्णन कळवलं. मात्र म्हातारे गावात पोचलेच नसावेत, रस्त्यालगतचा शोध आमची माणसं घेतील, असंही सांगितलं. तासाभरात त्याच टापूतल्या एका चहावाल्याची खबर आली. पांढरी गाडी थांबली होती, एक म्हातारे उतरले होते.

चालकाने हे सांगितलं नव्हतं. त्याला समोर बसवलं. तो खाली बघत म्हणाला, आजोबांनी चहा मागितला. वाटेत थांबलेलं शेठना चालत नाही, म्हणून बोललो नाही.

आमचे हवालदार म्हणाले, "मग काय, चहातच विरघळले का रे आजोबा?"

"परत बसले साहेब. गल्लीपर्यंत नेलं मी. आईशप्पथ."

एक लपवाछपवी सापडली की आपण बाकीचंही खोटं धरून चालतो. त्याला चौकशीसाठी बसवून ठेवलं. पथक सकाळपर्यंत रस्त्याकडेची भातखाचरं आणि नाले धुंडाळत राहिलं. काही मिळालं नाही.

उजाडताच मी त्याच गाडीतून, त्यालाच चालवायला लावून निघालो. धुकं इतकं की अंजनेरीचा डोंगर असावा तिथे फक्त थोडा दाट करडेपणा होता. गाडी रस्त्यावरून चालली आहे की तरंगते आहे, कळत नव्हतं. मैलाचे दगड एकेक करून वर येत, क्षणभर आमच्याकडे बघत आणि मागे विझून जात. सवयीने मी प्रत्येक दगडापाशी मीटर टिपत होतो. दगडांप्रमाणे दहा किलोमीटर झाले, तेव्हा मीटरवर नऊच्या वर थोडंच होतं. दगड आकड्यांच्या आधी येत होते. स्वप्नात नाही का, चालायच्या आत घर समोर येतं, तसे.

मी विचारलं, गाडीत अलीकडे काय बदललं?

"चाकं ना साहेब. मागच्या आठवड्यात शेठनी अलॉय टाकले. वळवताना टायर घासतो म्हणालो, तर म्हणे दिसतं कसं ते बघ."

पुढच्या पंक्चरच्या दुकानापाशी गाडी थांबवली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीचं माप होतं, १८५/६५ आर १५. टायरवर होतं २०५/६५ आर १६. दुकानदाराने वाकून पाहिलं.

"रिम इंचभर मोठी केली, तर टायरची भिंत बारीक पायजे ना साहेब. पासष्टच्या जागी पंचावन्न. यांनी पासष्टच ठेवली, चाक उंच झालं. एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, मीटरला पत्ताच नाय."

मी उभ्याउभ्याच गुणाकार केला. बासष्ट किलोमीटर चाललेली गाडी या चाकांवर सत्तावन्नच दाखवणार होती. चालक खरं बोलत होता. आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो, आणि म्हाताऱ्यांच्या दोन गोळ्या चुकल्या होत्या.

पथक गावात वळवलं. अर्ध्या तासात म्हातारे कुशावर्त कुंडाजवळ सापडले. एका फूलवालीच्या गोणपाटावर बसून झेंडूचे हार ओवत होते, आणि तिला बहिणीच्या नावाने हाक मारत होते. ओठ सुकलेले, डोळे पेंगुळलेले; सुई मात्र फुलाच्या बरोबर मधून जात होती. दवाखान्यात नेल्यावर सावरले.

फूलवालीने रात्री त्यांना घरी नेऊन वरणभात घातला होता. मी आभार मानले, तशी ती म्हणाली, "मी सकाळधरनं इथंच घेऊन बसले, म्हणलं कोणीतरी शोधत येईल. गावात कुणी विचारलंच नाय ओ."

गावात विचारू नका, हे मीच ठरवलं होतं. तेव्हापासून माणूस एक सांगतो आणि यंत्र दुसरं, असं झालं की मी आधी यंत्राची चौकशी करू लागलो. माणसाला तेवढा वेळ मी आधी दिला नव्हता.

ठाण्यात परतल्यावर सगळ्यांसमोर चालकाला म्हणालो की चूक माझी होती. तो काही बोलेल असं वाटलं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, आता मी घरी जाऊ का?"