आयसोलेशन रूममधली दुसरी बाई

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. नोकरीच तशी आहे – एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात. तरीही आज लिहायला बसलेय, कारण दीड वर्ष होऊन गेलं आणि मला अजून याचा काही थांगपत्ता लागलेला नाही. हॉस्पिटल पुण्यातलंच. नाव विचारू नका, सांगणार नाही.

मी मांजरीला राहते. नवरा मंदार, मुलगी इरा, ती तेव्हा नववीत होती. माझा त्रास त्याच्याही दोन वर्षं आधी सुरू झाला. अचानक छाती धडधडायची, दरदरून घाम, हात गार, आणि आपण आता मरणार असं पक्कं वाटायचं. दहा मिनिटांत सगळं शांत! जाईन तो डॉक्टर विचारायचा, "टेन्शन फार घेता का हो?" एकाने मेडिटेशन सुचवलं. एकाने मला बाहेर बसवून मंदारला विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" शेवटी शेवटी मंदारही तेच म्हणायला लागला होता.

मग एका स्कॅनमध्ये मणक्याशेजारी गाठ दिसली. पॅराग्यांग्लिओमा. हे नाव नीट म्हणायला मला आठवडा लागला. फार दुर्मिळ कॅन्सर. ही गाठ स्वतःच रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडते, बीपी एकदम चढतं – म्हणजे माझी भीती अक्षरशः त्या गाठीत तयार होत होती. ऑपरेशन झालं, पण तोवर तो हाडांत पोचला होता.

विचित्र वाटेल, पण निदान ऐकल्यावर मला आधी हायसं वाटलं. मी नाटकं करत नव्हते! त्यामुळे डॉक्टरांनी काउन्सेलरचं नाव लिहून दिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं मनाचं मनाचं करत होतात, गाठ निघाली. आता गाठ निघाली तर परत मनाचं? कागद पर्समध्ये ठेवला तो ठेवलाच.

अडचण अशी होती की त्यानंतर भीती वाटली की ती गाठीची की माझी, हे मलाच कळेना. मग मी सगळी भीती गाठीच्या नावावर टाकली. कोणासमोर रडले नाही. मंदारने "कसं वाटतंय?" विचारलं की सांगायचे, "बीपी नॉर्मल आहे."

नंतर एक वेगळी ट्रीटमेंट ठरली. शिरेतून किरणोत्सारी औषध देतात, ते जाऊन त्या गाठींना चिकटतं. पण मग काही दिवस तुमच्या अंगातूनच रेडिएशन बाहेर पडतं. म्हणून चार दिवस एकटं कोंडून ठेवतात. खोलीला शिसं भरलेला जाड दरवाजा. खिडकी नाही. जेवण दाराच्या आत एका टेबलावर ठेवून जायचे. मोबाइलला रेंज नाही. एक पलंग, एक टीव्ही, प्लास्टिक गुंडाळलेली एक खुर्ची. भिंतीवर कॅमेरा आणि शेजारी स्पीकर. मी बटण दाबलं तरच माझा आवाज बाहेर जाणार. आणि दंडाला बीपीचा पट्टा, तो आपोआप फुगायचा.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास स्पीकर खरखरला. शैला सिस्टर होत्या.

"मॅडम, अटेंडंट आत कसे काय आले? त्यांना लगेच बाहेर पाठवा."

मी बटण दाबलं. "कोण अटेंडंट?"

"खुर्चीत बसल्यात त्या."

मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी.

"सिस्टर, इथे कोणी नाही."

"मॅडम, चेष्टा नका करू. इथं रेडिएशन आहे."

पाच मिनिटांत दार सरकलं. रेडिएशन सेफ्टीचे एक सर मीटर हातात घेऊन उंबऱ्यातच उभे राहिले. खोली पाहिली, मला वाकून बाथरूम बघायला सांगितलं. कोणी नव्हतंच. दार परत लागलं. बाहेरचा माइक चालू राहिला असावा, कारण मला स्पष्ट ऐकू आलं –

"सर, अजून हायत."

आणि मग सरांचा आवाज, एकदम हळू. "हो... दिसतायत."

मी उठून दारावर दोन्ही हात आपटले. परत येऊन बटण दाबलं, "मला बाहेर काढा!"

"मॅडम, शक्य नाही," सर म्हणाले. "तुमचं रीडिंग खूप आहे. अजून दोन दिवस तरी नाही. कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम असेल, आम्ही बघतो."

त्यांनी बाहेरचा मॉनिटर बदलला. फरक पडला नाही. मी पलंगाच्या कोपऱ्यात पाठ भिंतीला लावून बसले होते, नजर त्या खुर्चीवर. छाती फुटेल असं वाटत होतं. तेवढ्यात पट्टा फुगला. एकशे चोवीस, ऐंशी. मीच यंत्र परत चालू केलं. तेच!

म्हणजे ही भीती गाठीची नव्हती. माझी होती.

दुपारी मीच बटण दाबलं. "सिस्टर, दिसतात कशा?"

"पन्नाशीच्या असतील. फिकी साडी, केस बारीक कापलेले. तुमच्या कोणी?"

माझ्या माहेरी, सासरी, ओळखीत असं कोणी नाही. "काय करतायत?"

"तुमच्याकडं बघत बसल्यात." मग त्या म्हणाल्या, "रागानं नाही बघत, मॅडम. मला पण भीती वाटतीय, पण ड्युटी हाय. मी इथंच हाय बघा."

तो दिवस असाच गेला. मी विचारायचे, "आहेत?" त्या सांगायच्या, "हायत." तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र मी थकले. एकटी असते तरी अडकलेली, कोणी असलं तरी अडकलेली. पलंगाच्या कडेला येऊन त्या खुर्चीसमोर बसले आणि, कुणाला हसायचं असेल तर हसा, बोलायला लागले. मला भीती वाटते म्हणाले. मरायची वाटते. इराची दहावी बघायला मी असेन की नाही याची वाटते. मंदारने "टेन्शन" म्हटलं होतं ते मी अजून माफ केलेलं नाही, हेही बोलले. मोठ्याने रडले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. बटण दाबलेलं नव्हतं, त्यामुळे बाहेर कोणाला काही ऐकू गेलं नाही. खूप वेळाने स्पीकर वाजला.

"मॅडम, पाणी प्या. औषध बाहेर पडायला लागतं."

चौथ्या दिवशी सकाळपासून मॉनिटरवर खुर्ची रिकामी होती. रात्रीच्या जेवणानंतर दार उघडलेलंच नव्हतं. माझं रीडिंग घेताना मी सरांना सरळ विचारलं, "तुम्हीही पाहिलंत ना?" ते मीटरवरून नजर न उचलता म्हणाले, "रिपोर्टमध्ये तसं काही नाही." रुग्णांच्या प्रायव्हसीसाठी त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

घरी येऊन मंदारला सगळं सांगितलं, त्या माफ न केलेल्या गोष्टीसकट. तो म्हणाला, "मी तेव्हा घाबरलो होतो गं. तुला खरंच काही झालंय, हे मला नको होतं." काउन्सेलरकडे मी आता दर पंधरा दिवसांनी जाते. आजार गेलेला नाही. वाढला नाहीये, इतकंच. दर स्कॅनच्या आधीचा आठवडा अजूनही त्या खोलीसारखाच जातो, फक्त आता तसं सांगते तरी.

गेल्या महिन्यात स्कॅनला गेले तेव्हा कॉरिडॉरमध्ये शैला सिस्टर भेटल्या. आता दुसऱ्या वॉर्डात असतात. इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"मॅडम, एक विचारू? त्या तुम्हाला काय सांगत होत्या?"

"म्हणजे?"

"बोलत होत्या की! दिसल्या त्याच दिवशी संध्याकाळपासून. मध्येच थांबायच्या, परत बोलायच्या. तुम्ही रडत होता तेव्हा तर एकसारख्या. आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता, तोंड हलताना दिसायचं. मला वाटलं, दिसत नसल्या तरी तुम्हाला ऐकू येतंय."

माझा नंबर पुकारला. "आता आठवत नाही," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मशीनमध्ये अर्धा तास स्थिर पडून राहायचं असतं. तो सगळा वेळ मी आठवत राहिले. ती बाई कोण, माझ्याच खोलीत का, याचं उत्तर आजही नाही. पण हात-दीड हातावर बसून कोणीतरी दोन दिवस माझ्याशी बोलत होतं, आणि मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.