तीन निळी पत्रं

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी बावीस वर्षांची होते आणि प्रौढशिक्षणाचं काम करायला वर्षभरासाठी साताऱ्याहून गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावी आले होते. गाव वैनगंगेच्या काठावर, पलीकडे आताचा गडचिरोली जिल्हा. राहायची सोय एका शेतकऱ्याच्या घरी केली होती. धानाची शेती, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. उरले होते नवरा-बायको. सगळं गाव त्यांना भाऊ आणि बाई म्हणे, म्हणून मीही तसंच म्हणू लागले.

पहिल्याच जेवणाला बाईंनी अंबाडीची भाजी वाढली आणि म्हणाल्या, "तिखट कमीच टाकलं. त्याले चालत नव्हतं."

"कोणाला?"

"तुह्या आधी होता तो. परदेशातला पोरगा."

भाऊ अर्ध्या ताटावरून उठले आणि हात धुवायला अंगणात गेले.

हळूहळू कळलं ते इतकंच. तो गोरा मुलगा हातपंप दुरुस्त करायला शिकवायचा. माझ्यासारखाच स्वयंसेवक. वर्षाहून जास्त या घरात राहिला आणि मागच्या दिवाळीनंतर नदीत बुडाला. मला मिळाली ती खोली त्याचीच होती. बाजही त्याचीच. तो फार उंच, म्हणून भाऊंनी पायथ्याला एक फळी जोडून ती बाज लांब केली होती. दुपारी जरा आडवी झाले की माझे पाय संपत तिथून पुढे हातभर जागा रिकामी राहायची. त्या जागेकडे बघत माझा कधी डोळा लागला नाही. काही दिवसांनी मी पाय पोटाशी घेऊन निजू लागले.

बाई चुलीपुढून विचारायच्या, "पोरी, भूक आहेस का तू?" ढग दाटले की म्हणायच्या, "पाऊस बसून राह्यला." मला वाटलं, इकडची बोलीच अशी. मी वहीत हे शब्द लिहूनही ठेवले. एकदा वर्गात येणाऱ्या बायकांपुढे ऐटीत म्हटलं, "मी भूक आहे." सगळ्या हसल्या आणि एकाएकी गप्प झाल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "हे आमचं बोलनं नाई बाई. त्याचं आहे."

त्याचं मोडकं मराठी त्या घराच्या तोंडात तसंच राहिलं होतं. ती वही मी नंतर उघडली नाही.

कापणी संपली तेव्हाची गोष्ट. एका दुपारी भाऊ शेतावर असताना बाईंनी धानाच्या कणगीमागून कापडात गुंडाळलेली तीन पत्रं काढली. निळी, विमानानं येणारी परदेशी पत्रं. एकही फोडलेलं नव्हतं.

"पोस्टमन म्हने, त्याच्या मायचे आहेत," बाई म्हणाल्या. "तुले इंग्रजी येते ना? वाच."

"एवढे दिवस का नाही वाचून घेतली?"

"भाऊ उघडू देत नाई."

मी म्हटलं, मग भाऊंसमोरच वाचू. बाई पत्रं सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, मांडून त्यांच्याशेजारीच तांदूळ निवडत बसल्या. भाऊ आले. पत्रं बघून थबकले. मग पायांवर पाणी घेतलं, खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "वाच मंग."

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. पहिल्या पत्रात आभार होते. तुमच्याबद्दल तो सतत लिहायचा, त्याला तुम्ही आपलंसं केलंत. दुसऱ्यात प्रश्न होते. त्या दिवशी तो काय जेवला होता? त्याच्या संस्थेच्या ऑफिसकडून कळलं की तो एकटाच नदी ओलांडत होता. खरंच त्याच्याजवळ कोणीच नव्हतं का? तिसरं पत्र चार ओळींचं होतं. तुम्हाला लिहिणं जड जात असेल तर मी पुन्हा विचारणार नाही, असं त्या माउलीनं लिहिलं होतं.

मी तिसरं पत्र घडी करून खाली ठेवलं. मग भाऊ नदीच्या दिशेला बघत म्हणाले, "मी होतो संगं."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांची बोटं तांदळात फिरतच होती.

"पलीकडच्या बाजारातून येऊन राह्यलो होतो. डोंगा नव्हता, नावाडी नव्हता. मीच म्हनलो, पानी कमरेइतकं आहे, चाल. मी म्होरं होतो, त्याची पिशवी माह्या डोक्यावर. मधात आलो तं मांगून त्यानं हाक मारली, भाऊ. एकच वेळा. त्याले सवय होती, उगाच हाका मारायची, मजा करायची. मी पाह्यलंच नाई मांगं. म्हनलं, बोंबलू दे. मंग पाह्यलं तं कोनीच नव्हतं. पोलिसाले सांगतलं, तो एकटाच गेला. भ्यालो मी."

"मले माहीत होतं," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमचं धोतर मीच वाळू घातलं. पार कमरेपर्यंत ओलं होतं."

"मंग काऊन बोलली नाई?"

"तुमी सांगान म्हनून."

भाऊ डोकं गुडघ्यात घालून बसून राहिले. दिवस कलल्यावर त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाले, "लिही तिले. समदं लिही."

मी लिहिलं. त्या दिवशी सकाळी तो भात आणि लाखोळीची डाळ जेवला होता, हे बाईंनी सांगितलं तेही लिहिलं. भाऊ सोबत होते, भीतीपोटी खोटं बोलले, हेही लिहिलं. फक्त एका जागी माझा हात अडला. त्यानं हाक मारली आणि भाऊ लगेच वळले, असं मी लिहिलं. इंग्रजी तिथं कोणालाच वाचता येत नव्हतं. त्या आईला तेवढं तरी मिळू दे, असं वाटलं. की मला भाऊंची कीव आली? तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

उत्तर उन्हाळ्यात आलं. भाऊंनी मला सपरीत बसवून वाचायला लावलं. तिनं भाऊंना दोष दिला नव्हता. आणि शेवटी लिहिलं होतं, त्याची हाक कोणीतरी ऐकली आणि वळून पाहिलं, यावरच आता मी जगते. त्या ओळीशी मी थांबले.

"काय झालं?"

"अक्षर लागत नाही," मी म्हणाले आणि खालची सही वाचली.

मे महिन्यात मी निघाले. भाऊ मला एसटीवर सोडायला आले. स्टँडवरच्या झाडाखाली माझ्यानं राहवेना. मी सगळं सांगितलं, काय बदललं आणि कोणती ओळ गाळली ते. मला वाटलं ते रागावतील. ते कितीतरी वेळ माझ्या ट्रंकेचा कोपरा पुसत राहिले.

"चांगल्यासाठीच केलं तू," शेवटी म्हणाले. "पन आता तिच्या मनात जो भाऊ आहे, तो मी नाई."

गाडी आली. त्यांनी ट्रंक टपावर चढवली आणि मागे न बघता निघून गेले.

दीड वर्षानं बाईंचं पोस्टकार्ड आलं, शाळेतल्या कोणाकडून लिहून घेतलेलं. भाऊ तालुक्याला जाऊन इंग्रजीच्या मास्तरांना भेटले होते. त्यांच्याकडून एक पत्र लिहून घेतलं, त्यात हाकेचं खरं ते सांगितलं आणि स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं. त्यानंतर तिकडून काहीच आलं नाही. पोस्टमन गावात आला की भाऊ शेतातून घरी येतात, असं बाईंनी लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, तिले पोचलंच नसन, की वाचून ठेवलं असन? तुले काय वाटते?

मी दोनदा उत्तर लिहायला बसले. काय वाटतं ते मला सांगता आलं नाही. मग मी फक्त खुशाली लिहून कार्ड टाकलं.