गाईने पास केलेली जमीन

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारता सांगते आणि सांगताना आवाजही खाली घेत नाही. त्यातून सिव्हिल. कॉम्प्युटर घेतलं असतं तर नातेवाइकांना काही कळलं नसतं आणि त्यांनी गुपचूप मान दिला असता. सिव्हिल मात्र प्रत्येकाला कळतं. माती, वीट, सिमेंट, त्यात शिकायचं ते काय? "चार वर्षं चिखल तुडवायला शिकली पोर," असं आमचे काका लग्नाकार्यात सांगायचे आणि अख्खी पंगत हसायची.

तंजावूरहून ओरत्तनाडूकडे जाणाऱ्या रस्त्याच्या भरावावर मी काम करते. लोक माती टाकतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. मग मी तिथे छोटा खड्डा घेऊन माती पुरेशी दबली की नाही ते मोजते. दबली नसेल तर सगळा थर उकरायला लावते. तिथे माझ्या डोक्यावर पांढरं हेल्मेट असतं, म्हणून रोलरवाला, मेस्त्री, कंत्राटदाराचा मेहुणा, सगळे ऐकतात. घरी हेल्मेट नसतं.

अप्पांचं मोपेड दुरुस्तीचं दुकान आहे. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. गावाच्या कडेला, काल-परवापर्यंत भात पिकत होतं अशा जमिनीत त्यांनी एक प्लॉट घेतला आणि घर काढलं. असं घर त्यांच्या हातून एकदाच होणार होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "अप्पा, बाकी काहीही करा, जोत्यातला भराव मला विचारून करा."

अप्पांनी मान हलवली. पण अप्पांचे वडील लवकर गेले आणि त्यांना वाढवलं ते थोरल्या भावाने, म्हणजे काकांनी. अप्पा त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा म्हणाले की झालं, हा आमच्या घरातला कायदा. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही कामाची त्यांना माहिती असते आणि शंका कसलीच नसते.

एका संध्याकाळी मी साइटवरून परतले तर पुढच्या हॉलच्या जोत्यात तळं. शेजारच्या शेतातला पंप लावून काकांनी ते काठोकाठ भरलं होतं. आमच्या मुलखाचा हा जुना रोग आहे. त्रिभुज प्रदेशातला माणूस चार भिंती बघतो आणि त्याला त्यात पाणी सोडावंसं वाटतं. टिपरने आणलेली माती एकदम जोत्याच्या उंचीपर्यंत ओतायची, वर पाणी सोडायचं आणि माती बसली म्हणून घरी जायचं. नदीची वाळू असती तर थोडंफार चाललंही असतं. इथे होती शेतातली चिकणमाती, नारळाएवढी ढेकळं असलेली. त्यात बेडूक येऊन राहिले होते.

काका खुर्ची टाकून तळ्याच्या काठी बसले होते. शेजारच्या दोन मामी बघायला आल्या होत्या.

"काका, हे काय केलंत?"

"पाणी सोडलं. पाणी माती बसवतं."

"चिकणमातीला नाही बसवत. वरून गारा होतो, आत ढेकळं तशीच राहतात, मध्ये पोकळी. थर घालायला हवेत. वीतभर माती, दाबायची, मग पुढचा थर."

"अय्यो! हा अख्खा मुलूख कावेरीने बसवला. तेव्हा तुझा रोलर होता का गं?"

मामी हसल्या. मी म्हटलं, "तिला घाई नव्हती, काका. आपल्याला पोंगल झाला की तै महिन्यात गृहप्रवेश करायचाय."

"तै महिन्यापर्यंत दगड होईल बघ. लिहून घे."

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा पंपाकडे बघत होते. म्हणाले, "चांगला पंप आहे."

रात्री जेवताना मी परत विषय काढला. ही सगळी ओली माती बाहेर काढू, पसरून वाळवू, पुन्हा भरू. अप्पा बराच वेळ भात कालवत बसले. मग त्यांनी आमच्या घराण्याला शोभेल असा निकाल दिला. हॉलमध्ये अण्णांचं पाणी राहील. मागचं स्वयंपाकघर आणि दोन खोल्या अजून भरायच्या होत्या, तिथे माझे थर. दोघांचा मान राहिला. जमिनीचा मान कुणी विचारला नाही.

मागच्या बाजूला मी सवुडू मागवली, भरावासाठी आमच्याकडे वापरतात ती मुरमाड माती. आणि मोजून पाणी. आई म्हणाली, "मोजून म्हणजे किती?" तिला मी वाफवलेल्या पुट्टूचं तांदळाचं पीठ आठवायला सांगितलं. पुट्टूचं पीठ भिजवताना ती मुठीत दाबून बघते. मूठ उघडली की गोळा राहायला हवा आणि बोट लावलं की फुटायला हवा. कोरडं असेल तर गोळा होतच नाही, जास्त ओलं झालं तर हाताला चिकटतं. मातीचं तेच. थोडं पाणी असलं की कण एकमेकांजवळ सरकतात. पाणी जास्त झालं तर कणांची जागा पाणीच अडवून बसतं आणि वरून कितीही दाबा, पाणी काही दबत नाही.

"एवढ्यासाठी कॉलेज?" आई म्हणाली.

"एवढं काकांना कळत नाही, म्हणून कॉलेज."

भाड्याचा कॉम्पॅक्टर आणला. सपाट पोलादी तळ, वर इंजिन, थरथरत पुढे सरकणारं यंत्र. प्रत्येक थरावर ते फिरलं. भिंतीच्या कोपऱ्यांत ते पोचत नाही, तिथे हाताने धुमस मारायला लावलं. मग रविवारी साइटवरचं सामान परवानगीने घरी आणलं. एक पोलादी नळकांडं मातीत ठोकून बसवायचं, अख्खं उचलायचं, कडा तासून वजन करायचं. मग ती माती कोरडी करून पुन्हा वजन, म्हणजे त्यात पाणी किती होतं ते कळतं. कोरडी करायला भट्टी कुठून आणणार? आईच्या वाणलीत, म्हणजे कढईत, गॅसवर भाजायला घेतली.

वास शेजारी पोचला. मामी खिडकीतून म्हणाल्या, "काय भाजतेयस?"

"माती."

मामींनी खिडकीतून वाणलीत डोकावून बघितलं. मग आईला हळूच म्हणाल्या, "मुलाकडचे बघायला येतील तेव्हा एवढं करू देऊ नकोस."

आई त्यानंतर आठवडाभर त्या वाणलीला हात लावत नव्हती. पण माती पास झाली. प्रयोगशाळेत ती माती जास्तीत जास्त जितकी दबते, त्याच्या पंचाण्णव टक्के. रस्त्याच्या भरावाला आम्ही एवढंच मागतो. मी ऐटीत सगळ्यांना सांगितलं.

काका म्हणाले, "आणि पाच टक्के? ते कुठे गेले?"

"कुठे नाही गेले. पंचाण्णव म्हणजे उत्तम."

"म्हणजे कमीच की! माझ्या हॉलमध्ये पूर्ण बसलीय माती." मग अप्पांना म्हणाले, "बघ रे. शिकलेली माणसं स्वतःच कबूल करतात."

तै महिन्यात गृहप्रवेश झाला. पहाटे आधी गाय आत आणायची असते. काकांनी सबंध गल्लीत त्यातल्या त्यात थोराड गाय निवडून आणली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती नव्या फरश्यांवरून हॉलच्या मधोमध आली, थांबली, तिने शेपटी वर केली आणि शुभ मानतात ते सगळं केलं. भटजी खूश. काकांनी जमलेल्या पाहुण्यांसमोर पायाने फरशी ठोकली.

"गाय उभी राहिली. हलली का जमीन? झाली टेस्ट!"

पाहुण्यांना हे फार पटलं. नळकांडं, वाणली, वजन, टक्के, यातलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. गाय पाहिली होती. परत जाताना एक मावसकाका मला म्हणाले, "तुमच्या रस्त्यावर पण गाय फिरवा की." मी म्हटलं, रोज फिरतात, कुणी बोलवत नाही तरी.

हॉलमध्ये अप्पांनी झोपाळा लावला होता. दुकानातून आले की त्यावर बसून पायाच्या बोटाने झोका द्यायचे, तेवढंच त्यांचं सुख. ऐप्पसीचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस सुरू झाला. घराभोवती पाणी साचलं, मुरलं. एक दिवस मी घरात शिरले तर अप्पा झोपाळ्यावर बसून खाली वाकून बघत होते. पाय लांब करत होते. बोट फरशीला लागत नव्हतं.

"कड्या तुम्ही वर घेतल्या का?" मी विचारलं.

"मी हात नाही लावला."

मी गुडघ्यावर बसून फरशी वाजवली. भिंतीजवळ घट्ट, मधोमध पोकळ, रिकाम्या डब्यासारखी. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये, जिथे जमीन सपाट होती, तिथे आता बोटभर पायरी झाली होती. मागची बाजू जिथल्या तिथे होती. खरं सांगायचं तर बोलायला तोंड शिवशिवत होतं. पण अप्पांचा चेहरा बघून मी मोजपट्टी आणायला उठले.

काका आले. त्यांनी चपला काढल्या, हॉलभर फिरले आणि कारणं दिली. झोपाळ्याचं वजन. पाहुणे फार आले. आजकालच्या फरश्या. मग मुद्द्यावर आले.

"पाणी कमी पडलं होतं," ते म्हणाले. "दोन फरश्या काढा, भोक पाडा, मी पंपवाल्याला सांगून आलोय. पुन्हा सोडू. या वेळी पोटभर."

बाहेर पंपाचा आवाज सुरूसुद्धा झाला. नळी दारातून आत आली. अप्पा झोपाळ्यावर बसून त्या नळीकडे बघत होते. तिच्या तोंडातून पहिलं पाणी फरशीवर सांडलं आणि बरोबर मधल्या खोलगट भागात जाऊन थांबलं.

अप्पा उठले. बाहेर गेले. पंप बंद झाला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात नळी गुंडाळलेली होती आणि दुकानातला मोठा हातोडा होता.

मला म्हणाले, "सगळं फोडायचं ना?"

"सगळं. माती बाहेर काढून."

"चार दिवस जातील?"

"जास्त. पाऊस आहे. माती वाळायला हवी."

"सरी," अप्पा म्हणाले. म्हणजे ठीक.

अप्पांनी आयुष्यभरात काकांना कधी नाही म्हटलं नव्हतं आणि शब्दांत आताही म्हटलं नव्हतं. काकांनी हातोड्याकडे बघितलं. मग खुर्ची शोधायला लागले, पण मी खुर्च्या बाहेर नेत होते.

"अरे, मग मी बसू कुठे?"

अप्पांनी एक खुर्ची माझ्या हातून घेतली, पायरी चढून स्वयंपाकघरात नेली आणि शेगडीसमोर ठेवली.

"इथे बसा, अण्णा," ते म्हणाले. "इथली जमीन पक्की आहे."