फाट्यावरचा देवमाणूस

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. गाव अजून हसतंय. परवा दाढीला गेलो तर न्हावी माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून हसत होता, आणि मला तोंडसुद्धा उघडता येईना.

तर मी सोमनाथ. जामखेडच्या पुढं आमचं गाव आणि गावाच्या फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान. गेट, खिडकीच्या जाळ्या, मोडलेल्या ट्रॉल्या, असली कामं. शिवाय थोडं रान, रानात विहीर आणि घरी आई. वय विचारू नका. आईने बायोडेटात एक लिहिलंय, आधार कार्डावर दुसरं आहे. माझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळेतून येताना मला 'काका' म्हणून हाक मारत होती आणि माझं लग्न अजून व्हायचं होतं, यावरून काय तो हिशेब करा.

अशात बातमी आली, की आमच्या गायरानावर तुरुंग बांधणार. गायरान म्हणजे गावाची चराईची जमीन. ज्याला स्वतःचं रान नाही, त्याची शेरडं तिथेच जगतात. आमच्या शांताकाकूंचं तर सगळं घर त्या शेरडांवर चालतं. ग्रामसभेत काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कैद्यांला सरकार भाकरी घालील. माज्या शेरडांला कोन घालनार?"

आता एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण गप्प बसेल तो सोमनाथ कसला. मी उठलो आणि म्हणालो, "आन् आमच्या लग्नांचं काय? आधीच शेतकऱ्याला कुनी पोरगी देईना. त्यात जेलच्या गावात कोन देनार?"

हे मात्र बरोबर लागलं. बिनलग्नाच्या पोरांच्या सगळ्या आया एकदम उठल्या. तिथल्या तिथं तुरुंग हटाव कृती समिती झाली आणि अध्यक्ष मी. बिनलग्नाच्या मंडळींत ज्येष्ठ मीच होतो, त्यामुळे निवडणूक घ्यावी लागली नाही.

माझा दोस्त दत्ता म्हणाला, "सोम्या, जेल झालं तर गजांची सगळ्यात मोठी ऑर्डर तुलाच की." मी त्याच्यावर असा काही भडकलो, की दोन दिवस बोललो नाही. खरं कारण असं, की तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

आता अध्यक्ष म्हटल्यावर डोकं चालवायला हवं. मी म्हटलं, मोर्चे आणि निवेदनं सगळेच करतात. आपण आधी गावाची बदनामी करू. जागा बघायला साहेब लोक येणारच. पांढऱ्या गाडीतून कोणीही उतरलं आणि काहीही विचारलं, तरी आख्ख्या गावाने एकच उत्तर द्यायचं. साहेबच म्हणतील, नको बाबा ही जागा.

मारुतीच्या देवळापुढे तालीम घेतली. साहेब मी झालो.

"गावात पाणी किती?"

"न्हाई!" आख्खं गाव.

"जमीन कशी?"

"खारपट!"

"माणसं कशी?"

"भांडखोर!" हे म्हणताना मात्र कोणाला अभिनय करावा लागला नाही.

अडली ती फक्त माझी आई. "आरं, पन दारात आलेल्याला पानी न्हाई, आसं कसं म्हनायचं?"

"आई, समितीचा ठराव हाय."

"मंग ठरावात माझं नाव न्हवं," आई म्हणाली. पण शेवटी अध्यक्षाचीच आई. तिनेही पाठ केलं. काळे झेंडे पाहिजे होते, तर जुन्या छत्र्यांचं कापड काढून बायकांनी झेंडे शिवले. सगळं तयार झालं. साहेबच तेवढे येईनात.

आणि एके दिवशी आले.

सकाळची वेळ. मी एका गेटाला वेल्डिंग मारत होतो. डोक्याला टॉवेल, डोळ्याला काळा चष्मा, तोंडावर ही काजळी. फाट्यावर पांढरी बोलेरो थांबली. दोघे उतरले. एक वयस्कर, टोपीवाले, हातात प्लॅस्टिकची फाईल. दुसरा जरा तरणा, त्याने उतरल्या उतरल्या मोबाईलवर फोटो काढायला सुरुवात केली. आधी गायरानाचे, मग गायरानाला लागून माझं रान आहे त्याचे. एवढंच नाही, तो बांधावर जाऊन पावलं टाकत रान मोजायला लागला आणि माझ्या विहिरीत वाकून पाहून आला.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता?

टोपीवाले माझ्याकडे आले. मी विचारलं, "सायेब, सरकारी कामानं आलाव काय?"

ते जरा चाचरले. "न्हाई, सहज. इकडचं रान कसं हाय ते बघत हुतो."

सहज म्हणे. मी मनात म्हटलं, बरोबर सापडलात. त्यांनी माझ्याच रानाकडे बोट दाखवलं. "हे कुनाचं?"

म्हणजे गायरान पुरेना, आता माझं रानही घेणार. इथे माझी बुद्धी अशी काही चालली, की विचारू नका. मी म्हणालो, "ते सोमनाथ म्हनून एक हाय, त्याचं. पन त्याच्या नादाला लागू नगा."

"का? मानूस कसा हाय?"

"लई वाईट. कुनाशी पटत न्हाई. बांधावरनं सख्ख्या चुलत्याला दगड मारला त्यानं."

"विहिरीला तर पानी दिसतंय."

"टँकरनं आनून वतलंय. लोकांला दाखवायला."

ते एकमेकांकडे बघायला लागले. मला चेव आला. टोपीवाल्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पितो का?"

मला वाटलं, सरकार किती खोलात जायला लागलंय. जमीन घ्यायची म्हणजे मालकाचाही तपास करतात. म्हणालो, "पितो म्हंजी? सकाळी चूळ भरतो ती दारूनं."

"घरी कोन असतं?"

"म्हातारी. ती तर त्याच्यापरीस खतरनाक."

"लग्न?"

मी म्हटलं, वारसांची नोंद लागत असेल. आणि मग जे वाक्य बोललो, ते माझ्या कपाळावर कायमचं वेल्ड झालंय. मी हसून म्हणालो, "सायेब, आसल्याला कोन पोरगी देनार?"

टोपीवाल्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "लई उपकार झाले बाबा." आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढून घेतला. मला वाटलं, सरकारी माणूस असूनही मनाने चांगला आहे.

तरी त्यांनी गाडी गावाकडेच वळवली, खात्री करायला. मी लगेच आईला फोन लावला. "आई, आले. पाठ केलंय तसंच बोल."

आई बोलली की. टोपीवाल्यांनी दारात उभं राहून प्यायला पाणी मागितलं. आईच्या मागे हंडे भरलेले. आई म्हणाली, "पानी न्हाई. जमीन खारपट हाय. आमी भांडखोर हाव." एका दमात.

तोवर दत्ताने देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला होता. छत्र्यांचे झेंडे घेऊन गाव धावलं. "परत जा, परत जा" च्या घोषणा. शांताकाकूंनी शेरडं रस्त्यावर आडवी घातली. एक बोकड बोलेरोच्या बॉनेटवर चढला आणि खाली उतरेना. शेवटी तरण्याने हात जोडले, "जातो, पन ह्याला घ्या." गाडी धुरळा उडवत जी गेली, ती फाट्यावर मला हात करून गेली. मीही केला.

संध्याकाळी देवळापुढे पोरांनी मला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात मामाचा फोन आला. मामा माझ्यासाठी मुली बघायचं काम करतो. म्हणाला, "सोम्या, आज पाव्हनं येऊन गेले का?"

मी खांद्यावरूनच विचारलं, "कुठले पाव्हनं?"

"अरे, फोटो दाखवला हुता ती अश्विनी, तिचे वडील आन् तिचा मामा. त्यांला तुजा फोटो पसंत हुता. म्हनले, आदी न सांगता जाऊन घर-रान बगून येतो. आन् आता फोनवर मला शिव्या घालत हुते. मानूस दारुडा, आई बेरकी, गाव अंगावर येतं, आसलं ठिकान दाखवलं म्हनून."

मी पोरांना म्हणालो, मला खाली ठेवा.

"तो फोटो..." मी कसंबसं म्हणालो. "फोटोवरनं मी वळखू आलो न्हाई त्यांला?"

"तुजा फोटो कोटातला. स्टुडिओवाल्यानं गोरा केलेला. मानूस कुठं दिसतोय त्यात. बायोडेटात तुज्या आईनं नुसतं बागायतदार लिवलंय, वेल्डिंगचं नाव न्हाई. आन् ऐक, ते म्हनले, फाट्यावर एक वेल्डिंगवाला भेटला, देवमानूस. त्यानं येळेवर सावध केलं न्हाई तर पोरीचं वाटोळं झालं आसतं. त्याला सांगावा द्या म्हनले, उपकार विसरनार न्हाई."

मी म्हणालो, मामा, त्यांना खरं काय ते सांग. मामा म्हणाला, "नगं. दारू सुटते. आसला येडेपना सुटत न्हाई, हे त्यांलाबी म्हाईत आसंल."

घरी गेलो तर आई चुलीपुढे बसलेली. "जल्मात पयल्यांदा मी दारातल्याला पानी न्हाई म्हनले," ती म्हणाली, "आन् ते बी व्याह्यांला." मी तांब्या शोधायला लागलो. आई म्हणाली, "पानी न्हाई." त्या रात्री मला खरंच रडू आलं. मुलगी फोटोत तरी फार गोड दिसत होती हो.

तुरुंगाचं म्हणाल तर आमच्याकडचा गेला. ग्रामसभेने ठराव केला. शांताकाकू आणि बायका शेरडं घेऊन गायरानावर ठाण मांडून बसल्या आणि खरे साहेब आले तेव्हा त्यांच्याशी नीट बोलल्या. मला त्या दिवशी दुकानात कोंडून ठेवलं होतं. पुढे कळलं, की आता दुसऱ्या गावात जागा बघतायत.

आणि मला फोन आला. "वेल्डिंगवाले भाऊ का? पाटीवरनं नंबर घेतला. आमच्या गावात जेल आनायला लागलेत. तुमच्या गावानं लई भारी पळवून लावलंवतं आमाला. मार्गदर्शन करायला या."

आवाज टोपीवाल्यांचा होता.

जावं की न जावं? गेलो. नवा शर्ट घालून गेलो. म्हटलं, कोण जाणे, योग्य वेळ बघून सांगून टाकू. स्टेजवर मला मधल्या खुर्चीत बसवलं. नाव विचारलं तर मी म्हणालो, नुसतं दादा म्हणा. टोपीवाले माईकवर आले आणि गहिवरून म्हणाले, "हाच तो देवमानूस. त्या सोमनाथाच्या तावडीतून माजी पोरगी ह्यानं वाचवली." टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तीच मुलगी शाल आणि नारळ घेऊन पुढे आली. तिथल्या समितीची सचिव ती. फोटोपेक्षा समोर जास्तच देखणी. काळजात कळ आली, खोटं कशाला बोलू.

मी भाषण केलं, तालीम घेतली, आख्खं गाव "न्हाई" म्हणायला शिकवलं. शेवटी अश्विनीने माईक हातात घेतला. "दादा, एक विचारू का? त्या सोमनाथचं पुढं काय झालं?"

देवानेच संधी दिली. मी म्हणालो, "सुधारला तो. दारू पार सुटली. आता तर लई कामाचा मानूस झालाय. मनानं सोनं."

"आणि लग्न?"

"न्हाई झालं अजून," मी म्हणालो आणि तिच्याकडे पाहिलं.

तिचे डोळे पाण्याने भरले. ती गावाकडे वळून म्हणाली, "बघा, दादांचं मन किती मोठं आहे. असल्या माणसाबद्दलसुद्धा वाईट बोलवत नाही त्यांना."

केवढ्या टाळ्या पडल्या. मांडीवरचा नारळ सांभाळत मीपण वाजवल्या.